काकूंचा आडोसा

गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, आडोसा धरण्याचे काही नियम असतात, हे प्रमिलाकाकू भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, साडीची दोन टोकं दोघींनी धरायची, मध्ये तिसरीने ओलं सोडून कोरडं नेसायचं, झालं. काकूंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातावर चापट मारली.

"हात वर! खांद्याच्या वर हवेत. आणि तोंड कुठंय तुझं? गंगेकडे कर. आतल्या बाईकडे पाठ."

मी गावाहून आलेल्या माझ्या जाऊबाईंना घेऊन रामकुंडावर गेले होते. पर्वणीचा दिवस होता, कपडे बदलायच्या इमारतीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात एक उंच, शिडशिडीत बाई विटकी नऊवारी घेऊन आली आणि काही न विचारता तिने मला कामाला लावलं. मी तोंड गंगेकडे करून हात वर धरून उभी राहिले, तर पुन्हा ओरडा.

"आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. भाजीचं बोल. अगं, आपण गप्प राहिलो की आतल्या बाईला वाटतं, सगळं जग आपल्याकडेच कान लावून बसलंय. आपण मेथीचं काढलं की ती मोकळी होते."

हे त्यांचं रोजचं होतं. त्यांचे यजमान घाटावरचे तीर्थोपाध्याय. गुरुजी पुरुषांना संकल्प सांगायचे, आणि त्यांच्याकडे आलेल्या घरातल्या बायका काकूंच्या ताब्यात. साडीचं दुसरं टोक सिंधूबाईच्या हातात. ही चांदवडकडची, घाटाच्या पायऱ्यांपाशी भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाईक सोडून ती उठायची आणि दोघींचा ठरलेला संवाद सुरू व्हायचा.

"काय गं सिंधू, मेथी आलीय का आज?"

"आलीय की काकू. लय कवळी हाय."

भर वैशाखात सिंधूबाईच्या टोपलीत मेथीचं पान नसताना हा संवाद मी ऐकला आहे. मेथी बारा महिने कवळीच. आतली बाई तमिळ असो की बंगाली, तिला त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण दोन बाया निवांत भाजीबद्दल बोलतायत एवढं कळायचं आणि तेवढं पुरायचं. एखादी फारच लाजली तर काकू त्यांच्या ठेवणीतल्या हिंदीत सांगायच्या, "बहेनजी, घाई मत करो. मैं पकडी है ना. पानी किसीको पूछता नहीं, तू कौन करके." आणि एखादा पुरुष उगाच रेंगाळताना दिसला की मराठीत, "ओ भाऊ, पुण्य तिकडं आहे, पाण्यात. इकडं काही नाही." तो बिचारा पायऱ्या चुकत पळायचा.

पुढे गुरुजींनी घाटाजवळच्या गल्लीतलं घर सोडलं आणि आमच्याच इमारतीत, माझ्या समोरचा फ्लॅट घेतला. तेव्हापासून काकू माझ्या आयुष्यात शिरल्या त्या शिरल्याच. बेल वाजवणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. दारावर टिचकी, आणि "आहेस का?" असं विचारेपर्यंत त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असायच्या. माझ्या हातच्या आमटीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. "बरी आहे, गूळ विसरलीस," एवढं म्हणून दोन वाट्या संपवायच्या. बँकेतून मी वैतागून आले की माझं सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "त्या साहेबाला एकदा पर्वणीला घाटावर आण. चार तास आडोसा धरू दे. सुधारेल." आमचा साहेब सुधारण्यातला नव्हता, पण त्या कल्पनेनेच मला बरं वाटायचं.

त्यांचे ब्लाउज हा माझ्या चेष्टेचा विषय होता. मे महिन्याच्या काहिलीतही बाह्या कोपराच्या खाली, गळा बंद, पाठ मानेपर्यंत झाकलेली. "काकू, शिंप्याकडे कापड उरलं की तो तुमच्याकडेच पाठवतो का?" असं मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. नेहमीपेक्षा जरा कमीच हसल्या, हे मला फार नंतर आठवलं.

आणखी एक गोष्ट होती. एवढ्या बायकांना गंगेत उतरवणाऱ्या काकूंना मी गंगेत उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. फार तर घोट्यापर्यंत. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय गरज? गंगा घरी येते माझ्याकडे." ते खरं होतं. गुरुजी रोज सकाळी घाटावरून तांब्या भरून आणायचे आणि काकूंच्या बादलीत ओतायचे. लग्नापासून त्यांचा हा नेम एक दिवस चुकला नव्हता, आजारपणातसुद्धा. मला ते फार गोड वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

गुरुजी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात काकू शेवाळावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. मुलगी वैशाली पुण्याला. ती येईपर्यंत आंघोळीला, कपडे घालायला मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी काकूंनी बराच वेळ टाळाटाळ केली. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "सोड बटणं. बघ काय ते, आणि मग गप्प बस."

पाठभर कोड होतं. खांद्यापासून कंबरेपर्यंत पांढरे चट्टे, दंडांवरही थोडे. चेहऱ्यावर, हातांवर, पायांवर कुठेच नाही. जे झाकता येत होतं तेवढंच.

मी गप्प बसले. त्याच बोलू लागल्या. लग्नानंतर काही दिवसांतच सासूबाईंच्या लक्षात आलं. तेव्हा एकच चट्टा होता, रुपयाएवढा. सासूबाई वाईट नव्हत्या, असं काकू मला दोनदा म्हणाल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, माहेरी पाठवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "गंगेवर आंघोळीला जायचं नाही. चार ठिकाणचे यजमान येतात. धार्मिक कार्याचं घर आहे, उद्या कुणी संकल्प घ्यायला बसणार नाही आपल्याकडे. आणि मुली झाल्या तर त्यांचं काय?"

"आणि गुरुजी?"

"ते काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून तांब्या आणायला लागले."

हे सांगताना त्यांच्या आवाजात गुरुजींबद्दल माया होती. मला मात्र त्या क्षणी गुरुजींचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. चांगला माणूस होता. पण आयुष्यभर तांब्या वाहण्यापेक्षा एकदा बायकोचा हात धरून पायऱ्या उतरला असता तर? कोडाने कुणाचं काही बिघडत नाही, ते कुणाला लागत नाही, हे त्या घरात एकानेही मोठ्याने म्हटलं नाही. आणि दुसऱ्यांच्या लेकीसुनांना झाकणारी ही बाई घरी येऊन बादलीत गंगा ओतून घ्यायची.

"एकदा तरी वाटतं गं," त्या म्हणाल्या, "सगळं अंग पाण्यात सोडावं. मान वर ठेवून नुसतं बसावं. बायका बसतात ना, तशी." मी पाठीवर पाणी घालत होते. तो विषय तिथेच थांबला.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने काकूंच्या फोनवर माकडं आली. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. चहूकडे बर्फ, मध्ये गरम पाण्याचं डबकं, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेली लाल तोंडाची माकडं, डोळे मिटून. काकूंनी तो मला आठवडाभर दाखवला. "बघ कसं बसलंय! याला कुणी विचारतंय का, तू कोण म्हणून?" वैशालीने त्यांच्या पंच्याहत्तरीला विचारलं, आई, तुला काय हवं? त्या म्हणाल्या, "मला माकडांच्या गावाला पाठव." वैशालीला वाटलं, आईचं डोकं फिरलं. ती माकडं जपानची, असा मी खुलासा केला, आणि त्याचं फळ म्हणून मलाही सोबत जावं लागलं.

नाशिकच्याच एका प्रवासवाल्यांची बायकांची सहल होती. टोकियो वगैरे पाहून झालं. उंच इमारतींकडे काकूंनी मान वर करून एकदा पाहिलं आणि "बरं आहे" म्हणाल्या, माझ्या आमटीला म्हणतात तसं. त्यांचा जीव लागला होता तो शेवटच्या दोन दिवसांत, डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावात.

ते गाव पाहून मात्र काकू पार बदलून गेल्या. मधून नदी वाहते, तिच्यावर लहान लहान पूल, दोन्ही काठांवर लाकडी घरं. गटाराच्या जाळीतून वाफ येते. लोक सुती झगे घालून, लाकडी खडावा टकटक वाजवत या स्नानघरातून त्या स्नानघरात जातायत, बगलेत टॉवेल. काकू पुलावर थांबल्या. "अगं, ही पंचवटीच आहे! फक्त ओरडत कुणी नाही." झऱ्यात उकडलेली अंडी विकणाऱ्याकडे पाहून त्यांनी नाकाला पदर लावला, पण शेजारचा वाफाळता गोड पदार्थ मी खाऊन, आत लाल कडधान्याचं पुरण आहे अशी ग्वाही दिल्यावर दोन घेतले. "उकडीच्या मोदकाचा मावसभाऊ," असा निकाल दिला. रस्त्याच्या कडेला पाय बुडवून बसायची गरम पाण्याची डोणी होती, तिथे एका म्हाताऱ्याशेजारी बसून त्याला खुणांनी आपले गुडघे दाखवले. त्यानेही आपले दाखवले. दोघांचं छान जमलं.

खरा प्रश्न संध्याकाळचा होता. स्नानघरात बायकांचा भाग वेगळा, पण आत अंगावर एक धागाही चालत नाही. आमच्या बायकांमध्ये हाहाकार उडाला. कुणी गाऊन घालून जाऊ म्हणे, कुणी म्हणे आम्हाला पाळी आलीय, त्यात साठीच्या दोघी होत्या. आमची टूर लीडर सायली, कोवळी पोर, समजावून थकली. आणि सगळ्यांत वयाने मोठ्या काकू शांतपणे म्हणाल्या, "मी जाणार."

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इथं कोण ओळखतंय मला? ना यजमान, ना व्याही. तू चल. मी उतरणार आज."

मुलीच्या बारशालासुद्धा एवढी तयारी केली नसेल अशी त्यांनी टॉवेलची घडी घातली. जाताना रस्त्यात एकदा थांबल्या, म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर?" मीच म्हटलं, "त्यांनाही घेतलं असतं सोबत." त्या खुदकन हसल्या.

कपडे काढायच्या खोलीत वेताच्या परड्या होत्या. एक जपानी आजी आमच्या आधीच आल्या होत्या, काकूंच्याच वयाच्या, पाठीतून वाकलेल्या. त्यांनी झग्याचा पट्टा सोडायला घेतला, आणि काकूंच्या हातांनी आपलं काम केलं. आपला मोठा टॉवेल झटकन उलगडून, हात खांद्याच्या वर, तोंड भिंतीकडे करून काकू त्या आजीसमोर आडोसा धरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "दुसरं टोक धर ना!" मीही धरलं, करते काय! जपानी आजी चकित. ज्या खोलीत सगळ्याच जणी उघड्या फिरतायत तिथे आपल्याला एकटीलाच कशाला झाकतायत, हे त्यांना कळेना. मग बहुधा यातला मान त्यांच्या लक्षात आला. त्या टॉवेलच्या आडून सावकाश बाहेर आल्या, काकूंपुढे कमरेत वाकल्या, त्यांच्या दंडावर हात ठेवून काहीतरी बोलल्या आणि आत गेल्या. काकूंचा चेहरा उजळला होता.

"तू हो पुढे," त्या मला म्हणाल्या. "मी आलेच."

मी चष्मा परडीत ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि आत पळाले. आत सगळं धुकंच होतं. आधी बसक्या पाटावर बसून बादलीने स्वच्छ आंघोळ करायची, मग कुंडात उतरायचं. पाटावर बसून बादलीतली आंघोळ! काकूंना हे किती आवडेल, असं म्हणत मी कुंडात उतरले. कढत पाणी गळ्यापर्यंत आलं आणि हाडांतला सगळा प्रवास निघून गेला. समोर त्या जपानी आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मध्ये एकदा डोळे उघडून त्यांनी दाराकडे बोट केलं, भुवया उंचावल्या. तुझी मैत्रीण कुठे आहे? मी दाराकडे पाहत राहिले. काकू आल्या नाहीत.

बाहेर आले तर त्या रस्त्यावरच्या त्या डोणीत पाय सोडून बसल्या होत्या. सगळे कपडे जसेच्या तसे, टॉवेलची पुन्हा नीट घातलेली घडी मांडीवर, कोरडी.

"काय झालं काकू?"

"काही नाही. छातीत धडधडलं जरा. या वयाला झेपत नाही कढत पाणी."

मी उद्या सकाळी पुन्हा जाऊ म्हटलं. "नको," म्हणाल्या. सकाळी निघताना स्नानघराच्या दारात सगळ्यांचा फोटो झाला. काकू अगदी कडेला उभ्या राहिल्या. परतीच्या विमानात त्यांनी सगळ्यांना आवळासुपारी वाटली, माझ्याशी मात्र फारसं बोलल्या नाहीत.

नाशिकला आल्यावर कितीतरी दिवसांनी, दिवाळीचा फराळ करताना मी तो फोटो फोनवर उघडला. शंकरपाळ्या कापता कापता काकूंनी पिठाचं बोट फोटोच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"हा बघ बोर्ड. आतल्या काचेच्या दारावरही होता. तू चष्मा काढलेलास, तुला नसेल दिसला."

मी फोटो मोठा केला. अक्षरं जपानी, पण चित्र स्पष्ट होतं. एका माणसाची उघडी पाठ, पाठीवर गडद चट्टे, आणि त्यावर लाल फुली.

"अंगावर डाग असलेल्यांना मनाई," काकू म्हणाल्या. "त्यांचं तरी काय चुकलं? सगळे एका पाण्यात बसतात. सासूबाईच बऱ्या, त्यांनी निदान बोर्ड नाही लावला."

त्या गावाकडे जाताना बसमध्ये सायलीने माइकवर सगळं सांगितलं होतं. तिथे गोंदवून घेतलेल्यांना पाण्यात उतरू देत नाहीत. तिकडे गुंडांच्या टोळ्या पाठभर गोंदवतात म्हणून जुना नियम. कुणाच्या हातावर तुळस-बिळस गोंदलेली असेल तर सांगा, चिकटपट्टी देते. आमच्यातल्या एकीने घेतलीही होती. आणि काकू? काकू तेव्हा मागच्या सीटवर गाडी लागलेल्या बाईच्या कपाळाला सुंठ लावत होत्या.

मी हे सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. काकूंनी फोन हातात घेतला, चित्र जवळ नेऊन, लांब धरून पाहिलं.

"गोंदण?"

"हो काकू. टॅटू. शाईचं चित्र. ते चट्टे नाहीत."

तेल तापून धूर यायला लागला, मी गॅस बंद केला.

"म्हणजे मला कुणी अडवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "दारापर्यंत गेले होते गं मी. ब्लाउजची बटणंसुद्धा सोडली होती."

एवढ्या लांब, समुद्रापलीकडे जाऊन ही बाई ज्या दारातून परतली, तिथे तिला अडवायला फक्त सासूबाईंचं ते एक वाक्य उभं होतं. मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

फराळ झाला, डबे भरले, आणि निघताना दारात वळून त्या म्हणाल्या, "मी गंगेत उतरणार. रामकुंडावर, सगळ्यांसमोर. आडोसा तू आणि सिंधूने धरायचा. बाहेर आल्यावर हं, पाण्यात नाही."

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

पण घाट खणून ठेवला होता. पुढच्या सिंहस्थाची कामं चालली होती, पायऱ्या उखडलेल्या, पाणी अडवलेलं, कुंडाच्या तळाला चिखल. काकू दर आठवड्याला सिंधूबाईला फोन करायच्या. "पाणी सोडलं का गं?" सिंधूबाई तिकडून ओरडायची, "नाय अजून, काकू! नुसती माती हाय!" या फोनची आम्ही चेष्टा करायचो. काकूंनी नवा टॉवेल आणून ठेवला होता, आणि शिंप्याकडून एक ब्लाउज शिवून आणला होता, अर्ध्या बाह्यांचा. मला घालून दाखवला. दंडावरचा चट्टा दिसत होता. "कशी दिसते?" "सोळा वर्षांची," मी म्हटलं. "गप गं," त्या म्हणाल्या, पण आरशासमोरून हलल्या नाहीत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारावर टिचकी आली नाही. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. काकू झोपेतच गेल्या होत्या. घाटावर पाणी अजून सुटलं नव्हतं.

दुपारपर्यंत वैशाली पुण्याहून आली. खाली पार्किंगमध्ये पाटावर काकूंना बसवलं, बायकांनी चहूबाजूंनी साड्या धरल्या. कपाटातली ती विटकी नऊवारी मीच शोधून आणली होती. तिचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं सिंधूबाईच्या. ती बाजार टाकून धावत आली होती. आत वैशाली आणि तिची मावशी. तापलेल्या पाण्याचं पातेलं आलं. मावशी म्हणाली, "फार कढत आहे, गार मिसळा."

"राहू द्या," मी म्हटलं. "त्यांना कढतच हवं होतं."

मी हात खांद्याच्या वर नेले. तोंड बाहेर, आतल्या बाईकडे पाठ. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि साडीच्या काठावरून वाफ वर आली. सगळीकडे शांतता होती. फाटकाशी उभे पुरुष, जिन्यातल्या शेजारणी, सगळे गप्प, सगळे इकडेच कान लावून. आणि मला वाटलं, काकूंना किती लाज वाटत असेल.

"काय गं सिंधूबाई," मी मोठ्यांदा म्हटलं, "मेथी आलीय का आज?"

दोन बायकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. सिंधूबाईने पाहिलं नाही. तिचे हात वर होते, तोंड रस्त्याकडे होतं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आलीय की," ती म्हणाली. "लय कवळी हाय."